‘नाही’च्या दारामागचं घर

वास कुठून येतोय हे शोधत सरकारी पक्षाचे प्रतोद सभागृहाच्या डाव्या दारापाशी आले. त्यांनी दाराला आधी कान लावला, मग नाक लावलं. दाराला कुलूप होतं. मग ते बाहेरच्या बोळातून वळसा घालून मागच्या बाजूला गेले आणि तिथलं छोटं दार त्यांनी ढकललं. आत चोपदाराची बायको कांदा परतत होती.

"कोण पाहिजे?" तिने विचारलं.

आपल्या पक्षाचे सदस्य वेळेवर हजर ठेवायचे आणि त्यांची मतं इकडची तिकडे होऊ द्यायची नाहीत, हे प्रतोदांचं काम. कुणाला काय विचारलं की काय बोलायचं, याची त्यांची रोज तयारी असे. पण देशाच्या कायदेमंडळाच्या इमारतीत उभं असताना कुणी आपल्याला ‘कोण पाहिजे’ म्हणून विचारेल, हे त्यांच्या तयारीत बसलेलं नव्हतं.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खोली लांबलचक आणि अरुंद. एका भिंतीला शिसवी बाकं, त्यांवर पिठाचे आणि साखरेचे डबे ओळीने मांडलेले. कोट अडकवायच्या पितळी खुंट्यांना दोरी बांधून तिच्यावर एक भलीमोठी चादर वाळत घातलेली. कोपऱ्यात खाट. देश सोडून गेलेल्या गव्हर्नरसाहेबांची पुरुषभर उंचीची तसबीर भिंतीकडे तोंड करून उभी, आणि तिच्या लाकडी पाठीला खिळे ठोकून त्यांवर पातेली टांगलेली.

"तुम्ही इथे राहता?" प्रतोदांनी विचारलं.

"तात्पुरतं," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली."

त्याचं असं झालं होतं. ही इमारत परक्या सरकारने बांधली, आणि बांधताना आपल्या देशातल्या इमारतीचा नकाशा जसाच्या तसा उतरवून घेतला. सभागृहाला दोन दारं. उजव्यावर पितळी अक्षरांत ‘होय’, डाव्यावर ‘नाही’. मोजून मतं घ्यायची वेळ आली की मान्य असणाऱ्यांनी एका दाराने जायचं, अमान्य असणाऱ्यांनी दुसऱ्या. प्रत्येक दारामागे एक लांब खोली. तिच्या पलीकडच्या टोकाला बसलेला कारकून माणसं मोजणार, आणि मोजलेली माणसं व्हरांड्यातून पुन्हा सभागृहात येणार. व्यवस्था नामी होती. फक्त तेव्हाच्या मंडळातले वीसच्या वीस सदस्य गव्हर्नरसाहेबांनी स्वतः निवडलेले असत, त्यामुळे डाव्या दाराकडे जायची पाळी कधी कुणावर आली नाही.

चोपदार नोकरीला लागला तेव्हा त्याला नियम तोंडपाठ करावे लागले होते. चांदीच्या मुठीचा दंड घेऊन सभापतींच्या पुढे चालावे. किल्ल्या स्वतःजवळ बाळगाव्यात. मोजणीच्या वेळी दोन्ही दारे उघडावीत. एकतीस वर्षांत त्याने एकच दार उघडलं, तेही झाडलोटीपुरतं. बाकी तो चोख होता. त्याचा पट्टा कधी तिरका नव्हता, त्याच्या आरोळीला झोपलेले सदस्य दचकून उठत, आणि त्याच्या जुडग्यातली एकही किल्ली कधी हरवली नव्हती. या शेवटच्या गोष्टीचा त्याला फार अभिमान. पाहुणे आले की तो त्यांना चहाच्या आधी जुडगा दाखवायचा.

नऊ वर्षांपूर्वी त्याला मिळालेल्या सरकारी खोलीचं छप्पर गळायला लागलं, भिंतींना ओल आली आणि बायकोला दमा जडला. रात्र रात्र ती उशीला टेकून बसून काढायची. डॉक्टर म्हणाले, कोरडी जागा बघा. चोपदाराने अर्ज केले, साहेबांचे उंबरे झिजवले, काही झालं नाही. अख्ख्या राजधानीत ज्या कोरड्या खोलीची किल्ली त्याच्याजवळ होती, अशी एकच खोली होती. आधी त्याने तिथे एक ट्रंक नेऊन ठेवली. मग खाट गेली. मग स्टोव्ह गेला, आणि स्टोव्हच्या मागोमाग बायको गेली. तेव्हाच्या सचिवांनी हे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा कधी त्या बाजूला फिरकले नाहीत. महिन्याभरात तिचा श्वास मोकळा झाला. एका सकाळी ती चक्क गुणगुणताना त्याला ऐकू आली, तेव्हा तो दंडाची मूठ पुसत होता आणि ती बराच वेळ पुसतच राहिला.

पुढे झेंडा बदलला. गव्हर्नरसाहेब बोटीत बसून गेले. राज्यघटना लिहिली गेली, तिच्यावर सह्या झाल्या. नवे सदस्य आले, तेही सगळे आपापल्यातलेच, एकमेकांचे हात हातात घेऊन. दहा महिने सगळे ठराव एका आवाजात ‘होय’ म्हणून मंजूर झाले. देशभर स्वातंत्र्य आलं, ते डाव्या दारापर्यंत येऊन थबकलं होतं.

चोपदार आत आला तेव्हा प्रतोद खाटेवर बसून चहा पीत होते. चोपदाराचा हात आधी जुडग्याकडे गेला.

"बसा," प्रतोद म्हणाले. "म्हणजे, घर तुमचंच आहे. वहिनींनी चहा छान केलाय. आता नीट ऐका. आज निवडणुकांचं विधेयक येतंय, ठाऊक आहे ना?"

चोपदाराला ठाऊक होतं. सहा महिन्यांवर आलेल्या पहिल्या निवडणुका दोन वर्षं पुढे ढकलायच्या, असं ते विधेयक. त्यासाठी घटना बदलावी लागत होती, आणि घटना बदलायची तर मत देणाऱ्या पस्तीस जणांतले चोवीस तरी बाजूने हवेत. सरकारकडे चोवीसच होते, एक कमी नाही की एक जास्त नाही.

"विरोधकांची ती नर्सबाई आज मोजणी मागणार," प्रतोद म्हणाले. "पाच जणांनी मागितली की द्यावी लागते, तसं घटनेतच घालून बसलोय आपण. मोजणी म्हणजे दारं. आता हात वर करायचे असले ना, की समोर पंतप्रधान बसलेले असतात, हात बरोबर वर जातात. दारातून जाताना माणूस कुठे वळेल त्याचा नेम नाही. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचं, डाव्या दाराची किल्ली हरवली."

"हरवली?"

"हरवू शकते. किल्ल्या हरवतात. मग सभापती हात वर करायला सांगतील. मी ही खोली तुमच्या नावावर करून देतो. लेखी. पेन्शनीत गेलात तरी तुमचीच." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि दार उघडलं, तर सगळ्या देशाला दिसेल इथे काय शिजतंय ते. मग मी काही करू शकणार नाही."

ते गेल्यावर बायकोने कढई उतरवली. कांदा थोडा लागला होता.

"किल्ली हरवली म्हणा," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"पण काय? तो कायदा तुमच्या दाराने पडणार आणि तुमच्या दाराने उभा राहणार, असं आहे का? मोठी माणसं आहेत, बघून घेतील. मला इथे श्वास येतो, तेवढं मला कळतं."

चोपदाराने पट्टा नीट केला. तिचं चूक होतं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

सभा अकराला भरली. सभापती म्हणजे निवृत्त हेडमास्तर; चाळीस वर्षांची सवय जाता जात नव्हती, त्यामुळे दोन सदस्य एकदम बोलायला लागले की ते ‘आधी खाली बसा’ म्हणत आणि मंत्रीसुद्धा मुकाट्याने बसत. विरोधी बाकांवर अकरा जण, याच विधेयकावरून वेगळे झालेले. त्यांच्या पुढारी नर्सबाई. बावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाई, आवाज न चढवता दटावण्यात पटाईत.

"आम्ही अकरा जण आहोत, आम्ही हरणार, हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "वॉर्डात पेशंट जाणार हे कळत असलं तरी तक्त्यावर ताप लिहितात. तसं लिहून ठेवा, की अकरा जणांना हे नको होतं. आम्ही मोजणी मागतो."

पाच जण उभे राहिले. सहावाही उत्साहाने उभा राहिला, त्याला सभापतींनी खाली बसवलं, कारण नियमाला पाचच लागत होते.

"चोपदार, दोन्ही दारं उघडा."

चोपदार उजव्या दाराकडे गेला, ते उघडलं. मग सभागृह ओलांडून डाव्या दारापाशी आला आणि उभा राहिला. मागे प्रतोद खाकरले.

"काय झालं?" सभापतींनी विचारलं. "दार उघडत नाही का?"

एकतीस वर्षांत या सभागृहात चोपदाराला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने आरोळ्या दिल्या होत्या, हजारो दिल्या होत्या, पण त्या ठरलेल्या असत. किल्ली हरवली, तीन शब्दही नव्हते. ते जिभेच्या टोकावर आलेसुद्धा. तेवढ्यात त्याची नजर खालच्या टेबलाशी बसलेल्या लघुलेखकाकडे गेली. तो पेन्सिल कागदावर टेकवून वाट बघत होता. म्हणजे आपण जे म्हणू ते लिहिलं जाणार. ते छापलं जाणार, त्याची बांधणी होणार, कपाटात जाणार, आणि आपण मेल्यावरसुद्धा कुणी पुस्तक उघडलं की त्यात असणार, की या चोपदाराने किल्ली हरवली.

लोकशाही वगैरे त्याच्या मनात त्या क्षणी नव्हती. त्याला फक्त आपल्याबद्दल हे असं लिहिलेलं सहन होईना. आणि बायकोच्या आठवणीने त्याला रडू येत होतं.

"उघडतं, साहेब," तो म्हणाला. "पण पाच मिनिटं द्यावीत. घरात पसारा आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. पंतप्रधानांनी प्रतोदांकडे पाहिलं. प्रतोदांनी छताकडे पाहिलं. सभापतींनी नियमांचं पुस्तक घेतलं, अनुक्रमणिका बोटाने वरपासून खालपर्यंत तपासली.

"पसाऱ्याविषयी नियम नाही," ते म्हणाले. "म्हणजे मनाईही नाही. सात मिनिटं देतो. बाकीच्यांनी बोलायचं नाही."

चोपदार बोळातून धावत मागच्या दाराने आत शिरला तेव्हा बायको फरशी पुसत होती.

"काय झालं?"

"दार उघडायचंय. ते येतायत."

ती तशीच बसून राहिली. ओलं फडकं तिच्या हातातून निथळत होतं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मग असे उभे काय राहिलात? खाट भिंतीला लावा. ते डबे राहू देत, डबे सगळ्यांच्याच घरी असतात. आणि त्यांना सांगा, पादत्राणं बाहेर. आत्ता पुसलंय मी."

"अगं, ते सदस्य आहेत."

"मग त्यांच्या घरी फरशी पुसत नाहीत का?"

सात मिनिटांनी एकतीस वर्षांत प्रथमच डावं दार उघडलं. चोपदाराने आरोळी दिली, आणि तिच्या जोडीला, जरा खालच्या आवाजात, फरशी ओली आहे, असंही सांगितलं. नर्सबाईंनी सगळ्यांत आधी वाकून चपला काढल्या. मग डाव्या दाराकडे आलेले सगळेच काढू लागले. कुणाच्या मोज्याला भोक होतं. एकजण एका पायावर तोल सांभाळत बुटाची नाडी सोडत होता आणि दुसऱ्याने त्याला खांद्याचा आधार दिला होता. दोन्ही बाजूंचे सदस्य एकदम उठल्यामुळे दारांपाशी गर्दी झाली, आणि आपलं कोण कुठे वळतंय हे बघायला प्रतोदांनी टाचा उंचावल्या, पण त्यांना नुसती डोकी दिसली.

आत पलीकडच्या टोकाला मोजणीचा कारकून स्टुलावर बसला होता, आणि त्याच्या नेमकी पुढ्यात ती चादर. सदस्य चादर बाजूला सारून एकेक करून येत, तो आकडा मांडी. अकरावा गेला तशी त्याने वही मिटली आणि तो व्हरांड्याकडे निघाला. चादरीच्या अलीकडे बारावा माणूस खाटेवर टेकला होता. म्हातारे वकील, सरकारी बाकावरचे. त्यांना जरा गरगरलं होतं. चोपदाराच्या बायकोने त्यांना पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, तिचे आभार मानले आणि हळूहळू व्हरांड्यातून जाऊन ते आपल्या जागेवर बसले.

"होय, तेवीस," सचिवांनी वाचलं. "नाही, अकरा."

"चौतीस," सभापती म्हणाले. हेडमास्तरकीत बेरीज त्यांची कधी चुकली नव्हती. "हजर पस्तीस आहेत. एक कुठे गेला?"

"उजवीकडची मोजणी चुकली असणार," प्रतोद घाईने म्हणाले. "तिकडे चोवीस आहेत. चोवीस लिहा."

"बारा," डाव्या दारातून आवाज आला. चोपदाराची बायको उंबऱ्यात उभी होती, हातात पेला होता. "इकडून बारा गेले. माझ्या डोळ्यांदेखत."

"या बाई कोण?" प्रतोद उठले. "अनोळखी माणसाला सभागृहात बोलायचा अधिकार नाही."

"सकाळी चहा घेतलात की," ती म्हणाली.

हशा ओसरेपर्यंत सभापती टेबल वाजवत राहिले. मग त्यांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. उंबऱ्यालगत पादत्राणं पडली होती. सगळ्यांनाच जागेवर बसायची घाई, ती घ्यायला अजून कुणी गेलं नव्हतं. सभापती स्वतः खुर्चीवरून उतरले, दारापाशी गेले आणि बोटाने मोजू लागले. सगळं सभागृह उभं राहून बघत होतं.

"बारा जोड," ते म्हणाले. "बाईंचं बरोबर आहे. आता बारावा कोण?"

आधी कुणी हललं नाही. मग एकाने वाकून समोरच्या बाकाखाली पाहिलं. ते पाहून दुसरा वाकला. बघता बघता देशाचं अख्खं कायदेमंडळ, पंतप्रधानांसकट, खाली डोकं घालून एकमेकांचे पाय बघायला लागलं. विरोधी बाकांखाली अकरा जणांचे पाय उघडे किंवा नुसत्या मोज्यांत होते. आणि सरकारी बाकांच्या दुसऱ्या रांगेत, चकचकीत बुटांच्या मधोमध, दोन म्हातारे, गोरटेले, उघडे पाय एकमेकांवर चढून लपायचा प्रयत्न करत होते.

वकील उभे राहिले. घटनेचा मसुदा लिहिणाऱ्या समितीत ते होते.

"निवडणुकांचं कलम माझ्या हातचं आहे," ते म्हणाले. "पंतप्रधानांसमोर हात वर करून मला नाही म्हणता आलं नसतं. खोटं कशाला सांगू. दार होतं म्हणून जमलं."

तेवीस आणि बारा. चोवीस झाले नाहीत, विधेयक पडलं. निवडणुका सहा महिन्यांवर होत्या त्या सहा महिन्यांवरच राहिल्या. पंतप्रधान उठले, वकिलांचे बूट उचलून त्यांच्या बाकाशी आणून ठेवले आणि निघून गेले. ते रागाने की लाजेने, यावर पुढे बरेच दिवस चर्चा चालली.

दुपारी सभापती बोळाच्या बाजूने आले. आत यायच्या आधी त्यांनी दारावर टकटक केली. प्रतोद त्यांच्याकडे या घराची तक्रार घेऊन गेले होते, पण तक्रारीची गरज नव्हती; सभापतींना स्वतःलाच कळत होतं.

"चोपदार, तुम्ही आज योग्य केलंत," ते म्हणाले, आणि तसबिरीवरच्या पातेल्यांकडे बघत राहिले. "आता या दाराची गरज लागणार. महिन्याला लागेल, कदाचित रोज लागेल. ही खोली रिकामी असायला हवी. आठ दिवस देतो."

"होय साहेब," चोपदार म्हणाला.

त्यानंतर नर्सबाई आल्या. त्या सरळ आत येऊन चोपदाराच्या बायकोजवळ बसल्या, तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकला.

"ताई, माझ्या दवाखान्यामागे एक खोली आहे," त्या म्हणाल्या. "कोरडी आहे, ऊन येतं. उद्याच या."

चोपदाराचा जीव भांड्यात पडला. त्याने तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली.

"नको, बाई."

"का हो?"

"आज तुमची खोली घेतली, की सगळे म्हणणार, खोलीसाठी बारा सांगितले. मी बारा मोजले म्हणून सांगितले."

"पण तुमचा दमा?"

"आहे ना. तो आपल्यासोबतच येणार." ती जरा थांबली. "निवडणुका होऊन जाऊ देत. मग विचारा. तोवर जाऊ जुन्या खोलीत, छपरावर पत्रा टाकू."

चोपदार खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिला. सकाळी त्याने खोली घालवली ती किल्लीच्या अभिमानापायी. आता तिने दुसऱ्यांदा घालवली, आणि तिच्याजवळ तर जुडगाही नव्हता. आपण या बाईला इतक्या वर्षांत पुरतं ओळखलं नाही, असं त्याला वाटलं, आणि ते वाटून बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

संध्याकाळी सचिव इतिवृत्ताचा कागद घेऊन आले. डाव्या दाराची मोजणी करणाऱ्याची सही हवी होती. कारकुनाने अकरा मोजलेले, त्यामुळे त्याची सही चालत नव्हती.

"तुमचीच लागेल, बाई," सचिव म्हणाले. त्यांनी तिचं नाव विचारून लिहून घेतलं. मग ते अडले. "हुद्दा काय लिहू?"

"मला कसला हुद्दा?"

"काहीतरी लिहावं लागतं. रकाना रिकामा ठेवला तर कागद परत येतो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग खोलीभर एकदा नजर फिरवली, खाटेवरून डब्यांवर, डब्यांवरून दोरीवर.

"इथे राहते, असं लिहा," ती म्हणाली.

सचिवांनी क्षणभर विचार केला आणि तसं लिहिलं. तिने पेन घेतलं, सावकाश सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि तो परत दिला. सचिव गेल्यावर तिने चादर काढून घडी घातली आणि खुंटीवरची दोरीची गाठ सोडायला घेतली. नऊ वर्षांची गाठ, ती सुटेना. चोपदाराने हातातला दंड भिंतीला टेकवून ठेवला आणि दोरीचं दुसरं टोक सैल धरून तो उभा राहिला.